रकाना नऊ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा कामाला लागले. एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसून निवृत्त झाले, तेव्हा वाटलं होतं की रेघा मारणं एकदाचं संपलं. पण उन्हाळ्यात शहराच्या दोन्ही टोकांना चौक्या बसल्या आणि इस्पितळाचं छप्पर उडालं. म्हणून काही बायका बाळंत व्हायच्या थांबल्या नाहीत. मदतसंस्थेला कागद सांभाळणारं कोणीतरी हवं होतं. मी हो म्हटलं. पगार नाही, चहा आहे.

प्रसूतिघर म्हणजे बाजारामागची बंद पडलेली टंकलेखन संस्था. तळमजल्यावर एक लांबट खोली. टंकयंत्रं झाकणं घालून कोपऱ्यात रचलेली, आणि दोन टेबलं जोडून त्यांवर गादी. कोणतं बोट कोणत्या अक्षरावर ठेवायचं याचा रंगीत तक्ता भिंतीवर अजून तसाच आहे. कळा देताना बायका त्याच्याकडेच बघत असतात.

सुइणी दोन. सख्ख्या बहिणी नव्हेत, पण सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. थोरलीने अर्धं शहर जन्माला घातलंय आणि त्या अर्ध्या शहराला ती अरेतुरे करते. मला मात्र अहोजाहो, म्हणजे मी अजून परकी. धाकटी नवऱ्याचे बूट घालून खोलीभर फटक फटक हिंडत असते. नवरा कुठे विचारलं तर म्हणाली, परगावी. मी म्हटलं, अनवाणीच गेला का? ती हसली नाही.

त्यांचं दप्तर पाहून मला घाम फुटला. शाळकरी वही. "निळा स्वेटर, दुसरी खेप. खोकणारी, जुळी असावीत. गल्लीच्या टोकाची, अंगात रक्त कमी." नाव नाही, पत्ता नाही. नवऱ्याच्या जागी सगळीकडे एकच मजकूर: "गवंडी, परगावी." सतरा बायकांचे सतरा नवरे गवंडी! मग या शहरात एक भिंत धड का नाही?

मदतसंस्थेच्या छापील तक्त्यात नऊ रकाने आहेत. नववा, "वडील सध्या कुठे". ताटातूट झालेल्या कुटुंबांची गाठ घालून देता यावी म्हणून तो ठेवलाय म्हणे. सगळे रकाने भरले तरच दर गुरुवारी औषधांची बर्फाची पेटी सुटते आणि चौकीपर्यंत येते. तिथून ती आम्ही आणायची. थोरलीला हे सगळं समजावून सांगितलं.

"हा कागद काढणारे बसतात कुठे?" तिने विचारलं.

"लांब. दुसऱ्या शहरात."

"तरीच," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस दारोदार हिंडले. सतरापैकी चौदा जणींची खरी नावं, पत्ते, नवऱ्यांची नावं मिळवली. नववा रकाना जड गेला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांनी चौकीवर हजेरी द्यावी असा हुकूम आहे, आणि हजेरीला गेलेला एकही परत आलेला नाही. त्यामुळे जिकडे बघावं तिकडे नवरे "परगावी". आमचा भाऊ नशिबाचा. हुकूम निघायच्या चार दिवस आधीच बंदरावर कामाला गेला.

बेकरीवाल्याची बायको कोवळी पोर आहे. तिने आधी गवंड्याचं तुणतुणं वाजवलं. मी म्हटलं, अगं, पिठाचा वास तुझ्या घराला येतो, चुन्याचा नाही. तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाली, "येऊन जाऊन असतात." मी तसंच लिहिलं: अधूनमधून घरी येतो. खरं ते खरं.

पेटी मिळाली. दुपारी लगेच तिचं चीज झालं. निळ्या स्वेटरवालीला बाळ झाल्यावर रक्त थांबेना. मी आयुष्यभर जन्म लिहिले, पाहिला आज पहिल्यांदा. टेबलावरून रक्त खाली ठिबकत होतं आणि मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. थोरलीने पोटावर मूठ दाबून धरली, धाकटीने पेटीतलं इंजेक्शन दिलं. तक्त्यावरच्या अक्षरांच्या दोन ओळी माझ्या वाचून होईतो धार थांबली. माझ्या नऊ रकान्यांनी एक बाई जगवली. घरी येताना रस्ताभर मी हेच घोकत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चौकीवरचे साहेब सभ्य आहेत. पेटी सोडण्याआधी यादी बघायला मागितली, शांतपणे वाचली आणि म्हणाले, "बाई, असं अक्षर आता बघायला मिळत नाही." मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ही बाळंतपणाची तारीख तुम्ही काढता?" मी म्हटलं, एकतीस वर्षांचा अनुभव आहे, दोन दिवसांपलीकडे चूक सापडली तर सांगा. त्यांनी दर आठवड्याला एक प्रत मागितली. त्या बदल्यात पेटी उघडून बर्फ वितळवत बसणार नाहीत. मी कबूल केलं. इतक्या वर्षांत माझ्या नोंदवहीची कदर केली ती यांनीच.

घरी भावजयीचं वेगळंच चाललंय. आठवा संपून नववा लागला, तरी मागच्या गल्लीतल्या बंद फोटो स्टुडिओत मांजराला खायला घालायला रोज दोनदा जाते. मांजर भलतंच खादाड दिसतंय, डबाभर जेवण जातं. आई वर म्हणते, "मीठ घाल गं नीट, आळणी आवडत नाही त्याला." म्हातारपणी आईला मांजराचा पुळका आलाय. भावजय बाळासाठी विणतेही. आज एक मोजा बघितला. हा बाळाच्या पायाला बसायला वीस वर्षं लागतील. म्हटलं, टाके मोजत जा. ती "बरं वन्सं" म्हणाली आणि उशीखाली ठेवून दिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बेकरीवाला गेला. काल सकाळी त्याची बायको बाळंत झाली. मी काढलेल्या तारखेलाच, एक दिवसही इकडेतिकडे नाही. तो मुलगा बघायला आला आणि समोरच्या पायऱ्यांवरच चौकीच्या चौघांनी त्याला धरलं. बाळाला घ्यायचं म्हणून हात धुवून आला होता. ओल्या हातांनी नेलं.

ते आधीच येऊन बसले होते असं चहावाला म्हणतो. पण कोणत्याही रस्त्यावर कोणीही बसलेलं असतंच हल्ली. योगायोग वाईट. पोर ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे का?

थोरली आज माझ्याशी बोलली नाही. धाकटीने चहा दिला तो गार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

देव पावला म्हणायचा. सुइणींचा राग निवळला. आता नव्या बायका आल्या की थोरली स्वतःच हाक मारते, "बाई, हिची माहिती लिहून घ्या," आणि बायकाही शेवटच्या पाळीची तारीख धडाधड सांगतात. पूर्वी एकेकीला आठवता आठवत नसे.

फक्त एक कळत नाही. या आठवड्यात तिघी बाळंत झाल्या आणि तिघीही माझ्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी. बाळं मात्र भरलेली, नखं वाढलेली. माझा हिशोब चुकत नाही. भीतीने होत असेल, खाण्याचे हाल आहेत म्हणून होत असेल. थोरलीला विचारलं तर म्हणाली, "घाई झालीये पोरांना जगात यायची. काय ठेवलंय इथे कोण जाणे." आणि धाकटी हसली. पहिल्यांदाच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज घरात भांडण झालं. भावजयीचं नाव यादीत घातलं म्हणून. संस्थेचं इंजेक्शन तिला हवं असेल तर नाव घालणं भाग आहे, त्यात भांडायचं काय? तिची तारीख कोणाला विचारायची गरजच नव्हती. न्हाणीघर एक, दिनदर्शिका एक, माझ्या डोळ्यांदेखत सगळं. १८ डिसेंबर. नवव्या रकान्यात लिहिलं: बंदरावर कामाला.

"वन्सं, नका ना देऊ. माझं नाव खोडा."

"अगं, पण का?"

आईने मध्येच ताट आपटलं. "हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, हिला काय सांगतेस!" आईच्या बोलण्याचा हल्ली कशाशी मेळ लागत नाही.

यादी सकाळीच साहेबांना देऊन झाली होती. दुपारी थोरलीला सहज म्हटलं की भावजयीची तारीख मी स्वतः काढली. ती उभी होती ती खाली बसली. "यादी गेली?" गेली म्हटलं. "आणि तारीख खरी?" म्हटलं, माझी तारीख खोटी असते का कधी? तिने पदराने तोंड पुसलं. दमली असेल, रात्रीपासून उभी होती.

३ डिसेंबर, बुधवार

हे लिहून ठेवणं शहाणपणाचं नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी प्रसूतिघराच्या पायरीवर चौकीचे दोघे येऊन बसले. दुपारपर्यंत बसले. आज माझ्या यादीप्रमाणे शिंपीणबाईची तारीख होती, पण ती तर दहा दिवसांपूर्वीच सुटली. मला वाटलं, बिचारे उगाच ताटकळलेत. मी होऊन सांगायला गेले. अहो, ती केव्हाच मोकळी झाली, तुम्ही कशाला थांबलात?

त्यातल्या एकाने खिशातून कागद काढला, उलगडला आणि बोट फिरवू लागला. निळी शाई. माझ्या रेघा. माझं अक्षर. वरून तिसऱ्या ओळीवर बेकरीवाल्याचं नाव होतं आणि त्यावर तांबडी फुली. "अधूनमधून घरी येतो" याच्याखाली दोनदा रेघ ओढलेली.

शिंपीणबाईच्या नावाखाली तीन ओळी सोडून माझ्या भावजयीचं नाव आहे.

आत आले आणि थोरलीपुढे उभी राहिले. तीच म्हणाली, "कळलं का शेवटी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"बेकरीवाल्याच्या दिवशी."

"मग मला का नाही सांगितलं? ओरडायचं होतंत, थोबाडीत मारायची होतीत!"

"मग गुरुवारी तुम्ही चौकीवर कोणतं तोंड घेऊन गेला असता? बाई, तुमचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. तुम्हाला कळलं असतं तर साहेबालाही त्याच घटकेला कळलं असतं. आणि यादी थांबली असती तर पेटी थांबली असती. या पेटीवर पाच जणी वाचल्यात आत्तापर्यंत." मग हळू म्हणाली, "म्हणून बायकांनाच पढवलं. तारखा पुढच्या सांगा म्हटलं."

म्हणजे दोन आठवडे मी सुवाच्य अक्षरात खोटं लिहीत होते. सगळ्या यादीत एकच तारीख खरी, ती मी घरातून आणलेली.

मी म्हटलं, पण भाऊ तर बंदरावर आहे, तो कुठून येणार सापडायला? मग धाकटी म्हणाली, "बाई, त्या स्टुडिओत मांजर नाहीये."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीठ. मोजा. डबा. आईला ठाऊक, भावजयीला ठाऊक, सुइणींना ठाऊक. पाच महिने माझा भाऊ माझ्या खिडकीपासून चाळीस पावलांवर अंधाऱ्या खोलीत बसलाय. लहानपणी त्याची प्रत्येक खोडी मी वडिलांना सांगायचे. त्याने मला सांगितलं नाही ते बरोबरच केलं.

४ डिसेंबर, गुरुवार

पाचावर धारण बसली होती. न जावं तर संशय, जावं तर हा चेहरा. थोरलीने माझ्या दाढेवर लवंगेचं तेल आणि वर मिरपूड दाबली. डोळ्यांतून पाणी काढलं आणि गालाला फडकं बांधलं.

"दुखतंय का?"

"भयंकर."

"मग खोटं कुठे आहे? जा आता."

साहेब म्हणाले, दाढ काढून टाका बाई, दुखणं साठवू नये. यादी घेतली. जुनी यादीही त्यांच्या टेबलावर होती. अठरा तारखेवर गोल केलेला होता.

८ डिसेंबर, सोमवार

तारीख बदलून दिली तर का बदलली विचारतील. नाव काढलं तर का काढलं विचारतील. भाऊ शहराबाहेर जाईल म्हणावं तर दोन्ही टोकांना चौक्या. थोरली म्हणते, अठराच्या आत काहीतरी बघते. काय ते मला सांगत नाही, आणि मीही खोदून विचारत नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

भाऊ तिथे आहे हे कळल्यापासून मी त्या गल्लीच्या बाजूची खिडकी उघडलेली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की दिवा मालवते. आज दूधवाल्यालाच घाबरून मी दाराआड लपले. आई म्हणाली, "तू लपून काय करणार, तुझा श्वास कोपऱ्यापर्यंत ऐकू येतोय."

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं क्रमाने लिहिते. दुसरं काही मला येत नाही.

गुरुवारी सकाळी साडेसहाला भावजयीची पाणमोट फुटली. अठराच्या सात दिवस आधी. कळा अशा जोरात की तिला जिना उतरवेना. आई म्हातारी, मी एकटी. आई मागच्या खिडकीत गेली आणि तिने पितळी तांब्या कठड्यावर तीनदा वाजवला. दोन मिनिटांत भाऊ दारात. दाढी वाढलेली, रंग पांढराफटक, डोळे उजेडाने मिटत होते. बुटांच्या वर ते मोजे दिसत होते. "ताई," एवढंच म्हणाला. बायकोला उचललं आणि मागच्या गल्लीतून प्रसूतिघरात नेलं.

दर गुरुवारी नऊला मी चौकीवर हजर असते, माझ्यावर घड्याळ लावावं. न गेले तर कोणीतरी बघायला येणार. थोरली म्हणाली, "जा, आणि साहेबाला जितका वेळ अडकवता येईल तितका अडकवा. हा बारापर्यंत इथून निघेल."

मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही.

"नका बोलू. कंटाळा तर आणता येतो ना?"

तो मला येतो. मी साहेबांपुढे महिन्याभराच्या चारही याद्या पसरल्या आणि म्हटलं, तारखा चुकल्यात, हे माझ्या नावाला शोभत नाही, एकेक ओळ दुरुस्त करायची आणि प्रत्येक दुरुस्तीवर तुमची सही हवी, नियम आहे. खरोखरच नियम आहे. अडतीस ओळी. तांबडी शाई, निळी शाई, टीपकागद. साहेबांनी तीनदा घड्याळ बघितलं, दोनदा जांभई दिली. बर्फाची पेटी माझ्या पायाशी होती. आपलं डोकं कसं चाललंय याचं मला मनातून कौतुक वाटत होतं. अकरा वाजले. साडेअकरा वाजले.

साठ्याची नोंद मी ठेवते. बुधवारी संध्याकाळी "इंजेक्शन, शिल्लक एक" हे मीच लिहिलं होतं. ते मला आठवलं नाही. दोन तास मी त्या पेटीला पाय लावून बसले होते.

निघाले तेव्हा साहेब उठले. "बाई, ही जड आहे. मी घेतो." नको नको म्हणेपर्यंत पेटी त्यांच्या हातात. वीस मिनिटांची वाट. मी सावकाश चालत होते, ते माझ्यासाठी सावकाश चालत होते. बारा होऊन गेले असतील, भाऊ निघाला असेल, हाच जप करत होते.

दाराशी बुटांचे दोन जोड होते. एक धाकटीचा नेहमीचा, बाळंतपण चालू असलं की ती तो बाहेर काढते. दुसरा माझ्या भावाचा.

आतून बाळ रडलं. साहेबांनी बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही. खिडकी सताड उघडी असणार.

तेवढ्यात दार किलकिलं करून थोरली बाहेर आली. कोपरापर्यंत रक्त. दार पाठीने लावून घेतलं आणि भावाच्या बुटांत पाय घातले, जणू रोजच घालते. "आज फरशी फारच गार आहे, साहेब. आत बाई उघडी आहे, तुम्हाला येता यायचं नाही. पेटी द्या, ती चाललीये." पेटी जवळजवळ हिसकावून घेतली आणि बूट फटकावत आत गेली.

साहेब माझ्याकडे वळले. "तारीख तर अठरा होती."

"माझा हिशोब चुकला," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

"होतं असं." त्यांनी मान लववली. "अभिनंदन, आत्याबाई."

आत्याबाई. कोण बाळंत होतंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते वळले आणि भराभर चालू लागले. येताना ते माझ्या पावलांनी चालले होते, जाताना स्वतःच्या.

आत गेले. भाऊ तिथेच होता. शिल्लक इंजेक्शन देऊन झालं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. रक्त डोक्याकडे राहावं म्हणून टेबलाच्या पायथ्याकडचे पाय दोन टंकयंत्रांवर चढवले होते आणि टेबल सरकू नये म्हणून भावाने ते खांद्याने पेललं होतं. थोरलीची मूठ पुन्हा पोटावर. धाकटीने पेटी फोडली, इंजेक्शन दिलं, दुसरं दिलं. भावजयीचे ओठ पांढरे पडले होते. मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता, आणि बर्फ दोन तास माझ्या पायाशी होता.

"थांबतंय," थोरली म्हणाली. खूप वेळाने म्हणाली.

मग मी सांगितलं, की साहेब माणसं आणायला गेलाय, त्याला कळलंय. खोलीत एकदम हालचाल सुरू झाली. धाकटीने भावाचा दंड धरला. थोरली माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ऐका बाई, याला आता आम्ही..."

"सांगू नका!" मी ओरडले. "मला सांगू नका. मी बघणारही नाही."

आणि तोंड भिंतीकडे केलं. समोर तो बोटांचा तक्ता. करंगळीपासून सुरुवात केली. एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेले, म्हणजे कानावरही काही पडायला नको. पाठीमागे भावाने माझ्या डोक्याला हात लावला, लहानपणी वेणी ओढायचा तिथे. मी वाचत राहिले. ओळ संपली, दुसरी घेतली. तक्ता चार वेळा वाचून झाल्यावर थोरली म्हणाली, "वळा आता." खोलीत आम्ही बायकाच होतो.

साहेब सहा जणांना घेऊन आले. झाकणं काढून टंकयंत्रं पाडली, माळा बघितला, गादीखाली संगीन खुपसली. भावजय गादीवर असताना. मग मला खुर्चीवर बसवलं.

"तुमचा भाऊ कुठे आहे?"

"माहीत नाही."

ते जवळ आले. इतके जवळ की माझ्या चष्म्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत असेल. ते बघत राहिले, आणि मी बघू दिलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही येत."

नोंदवही घेऊन गेले.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज ती अठरा तारीख. कोणी आलं नाही. दिवसभर दाराकडे बघून मान अवघडली.

भावजय बसायला लागली. मुलगी झालीये. भावाचं नाक, माझा आवाज, असं आई म्हणते.

ही डायरी आता घरी ठेवत नाही. थोरली ती एका मोडक्या टंकयंत्राच्या पोटात ठेवते.

८ जानेवारी, गुरुवार

नवी नोंदवही आखली. रेघा आता पूर्वीसारख्या येत नाहीत. तारखा आता थोरली सांगते त्याच लिहिते. नवव्या रकान्यात, वजनाला येणाऱ्या बाळंतिणी धरून सगळ्यांच्या पुढे, बत्तीसच्या बत्तीस ओळींत एकच मजकूर लिहिला: माहीत नाही.

हेच उत्तर बघून संस्थेने गेल्या आठवड्यात तक्ता परत पाठवला होता, रकाना नऊ अपूर्ण म्हणून. मी उलट लिहिलं की रकाना रिकामा नाही, उत्तर भरलेलं आहे, नियम क्रमांक चार बघावा. आज पेटी आली. कारकुनाला कारकूनच पुरून उरतो.

चौकीवर साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "अक्षर बिघडलं तुमचं," म्हणाले. गोल करायला काही सापडलं नाही. पुढे काय करतील कोण जाणे. परत येताना वीस मिनिटं मी मागे वळून बघत होते.

बेकरीवाल्याची बायको बाळाला वजनाला घेऊन आली होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिनेच बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, कारण तिला दोन्ही हातांनी दुपटं सोडायचं होतं. तेवढंच कारण. मी धरून बसले.

बत्तीस ओळींपैकी तीस ठिकाणी ते उत्तर खोटं आहे. त्या बायकांना सगळं ठाऊक आहे, आणि मी विचारत नाही. तिच्या ओळीत मात्र ते खरं आहे. तो कुठे आहे कोणालाच माहीत नाही, आणि ते माझ्या हातून झालं. आमच्या ओळीतही खरं आहे. भाऊ पोचला का, जिवंत आहे का, थोरलीला बहुतेक ठाऊक असेल. रोज सकाळी ती मला चहा देते आणि थोडा वेळ समोर उभी राहते, विचारलं तर सांगेन अशी.

मी चहा घेते आणि रेघा मारायला बसते.